टेबलावरची पिस्तुलं आणि कोणी न विचारलेला प्रश्न

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या बातम्या देणारा कुठलाही पेपर घ्या. आतल्या पानावर तो फोटो अधूनमधून दिसतोच. पोलीस स्टेशनमधलं टेबल, त्यावर ओळीने मांडलेली दोन-चार पिस्तुलं, शेजारी मॅगझिन, आणि पुढे काडतुसं अशी सुबक रचलेली की जणू लग्नातलं रुखवत. मागे पाच-सहा पोलीस, मध्ये तोंडावर काळं फडकं ओढलेले दोन आरोपी. मथळा ठरलेला, 'गावठी कट्ट्यांसह दोघे जेरबंद'. बातमी शंभर-सव्वाशे शब्दांची. आणि शेवटचं वाक्यही ठरलेलं, 'पुढील तपास सुरू आहे'.

माझं भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी.

कारण तो 'पुढील तपास' कधी छापून येत नाही. पिस्तूल कोणी बनवलं, कोणी आणलं, काडतुसं कुठल्या दुकानातून निघाली, हे वाचकाला कळत नाही आणि वाचक विचारतही नाही. आपण फोटो बघतो, 'बापरे, आपल्या इथे पण?' म्हणतो आणि पान उलटतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच टेबल, तशीच पिस्तुलं, आरोपी वेगळे.

आमच्या धंद्यात असं कोणी केलं तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. सर्व्हर दर आठवड्याला झोपतोय आणि एखादा शहाणा दर वेळी रीस्टार्ट करून 'इश्यू रिझॉल्व्ह्ड' म्हणून तिकीट बंद करतोय, असं दोनदा चालेल, तिसऱ्यांदा मॅनेजर विचारणारच की बाबा रे, मूळ कारण काय? लॉग काढ, कुठून सुरू झालं ते दाखव. बंदुकांच्या बाबतीत मात्र आपण सगळे रीस्टार्टवर खूश आहोत.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. बंदूक जितकी चांगली, तितका तिच्यामागचा कागद मोठा; आणि गँगच्या हातात चांगली बंदूक सापडली की समजावं, कुठल्यातरी टेबलावर कोणीतरी सही केली आहे किंवा मान फिरवली आहे. तो माणूस त्या फोटोत कधीच नसतो.

*

आधी थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, पण वाचलात तर पुढचं पटेल.) रायफल म्हणजे काय, तर जिच्या नळीच्या आत पेचदार आटे पाडलेले असतात अशी लांब नळीची बंदूक. त्या आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत बाहेर पडते आणि सरळ जाते. आटे किंचित चुकले तरी दोन मीटरवर काही बिघडत नाही. तीनशे मीटरवर मात्र गोळी भलतीकडेच जाते. म्हणून अचूक मारा करणारी रायफल ही मुळात उत्तम पोलाद, उत्तम यंत्र आणि कारखान्यातली मोजमापं यांची करामत आहे. ती गावातल्या भट्टीत होत नाही.

आपल्याकडे अचूक रायफल म्हटलं की आठवतो स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा पोरगा. १ ऑगस्ट २०२४ ला त्याने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. पन्नास मीटरवरून एक सेंटीमीटरचा ठिपका! अशी रायफल कोणी बनवली, कोणी आयात केली, कुठल्या परवान्यावर, याची नोंद असते. नळीवर नंबर असतो. म्हणजे ही वस्तू जन्मालाच कागद घेऊन येते.

मग आपल्याकडच्या गँग अशा रायफली वापरतात का? सहसा नाही. त्यांना अचूकता लागतच नाही. इथला सुपारीवाला बाईकवरून येतो, दोन हातांच्या अंतरावरून गोळ्या घालतो आणि गल्लीतून पसार होतो. त्याला लागतो 'घोडा'. स्वस्त, कमरेला मावणारा, काम झालं की खाडीत फेकून देता येईल असा. 'स्नायपर', 'दुर्बिणीची रायफल' हे आपलं सिनेमा आणि मोबाइल गेममधलं वेड आहे. पण जेव्हा जेव्हा गँगच्या हातात खरी रायफल आली, तेव्हा ती कशी आली, हे पाहिलं की सगळं गणित उघडं पडतं. तिकडे वळतोच, पण आधी घोड्याचा हिशेब.

*

घोड्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे, हीच मोठी गंमत आहे. जळगाव जिल्ह्यातला चोपडा तालुका जिथे संपतो तिथे अनेर नदी. पलीकडे मध्य प्रदेशातला बडवानी जिल्हा आणि तिथे उमर्टी नावाचं गाव. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत हे नाव इतक्या वेळा येतं की एखाद्याला वाटावं, हा नामांकित ब्रँड आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत चोपड्याचे पोलीस तिकडे कारवाईला गेले तर त्यांच्यावरच हल्ला झाला, एका अधिकाऱ्याला काही काळ पकडून ठेवलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलीस मोठा फौजफाटा घेऊन थेट उमर्टीत शिरले आणि भट्ट्या तोडून आले.

पुणे पोलिसांचं मी मनापासून कौतुक करतो. कारण त्यांनी पुण्यात सापडलेल्या पिस्तुलाचा माग उलटा काढत मूळ गाठलं. हेच तर हवं होतं! पण भट्टी म्हणजे काय हो? विटा, कोळसा, भाता आणि कसबी हात. विटा आज तोडल्या, उद्या पुन्हा रचता येतात. तिथले कारागीर सिकलीगर समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. सगळा समाज गुन्हेगार ठरवून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते तितकंच चूक आहे. लेथवर बसवलं तर यातले निम्मे लोक अंबरनाथच्या किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतील. त्यांच्या कसबाला दुसरं गिऱ्हाईक मिळवून देण्याचं काम पोलिसांचं नाही, सरकारचं आहे, आणि ते कोणी मन लावून केलेलं दिसत नाही.

पण उमर्टीपेक्षाही मला सतावतं ते काडतूस.

विचार करा, भट्टीत पिस्तूल घडवता येईल. पण काडतूस? पितळेची टोपी, बुडाशी ठिणगी देणारी बारीक कॅप, मोजून भरलेली दारू. हे रसायनाचं आणि सूक्ष्म मापाचं काम आहे. गावठी पिस्तुलासोबत पकडलेल्या काडतुसांच्या पंचनाम्यात पुन्हा पुन्हा काय लिहिलेलं आढळतं माहितीये? 'बुडावर केएफ ७.६५ असे कोरलेले.' ७.६५ हा मिलिमीटरमधला व्यास. आणि केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. पुण्याच्या खडकीतला, १८६९ साली सुरू झालेला सरकारी दारूगोळा कारखाना! आता तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला आहे.

नकली शिक्का मारलेली आणि रिकाम्या टोप्या पुन्हा भरलेलीही काडतुसं बाजारात असतात, हे मान्य. पण जी खरी आहेत त्यांचं काय? ती सरकारी कारखान्यातून परवानाधारक दुकानात जातात, तिथून परवानाधारक माणसाकडे. प्रत्येक टप्प्यावर रजिस्टर, प्रत्येक टप्प्यावर सही. मग ती कल्याण स्टेशनबाहेर पकडलेल्या वीस वर्षांच्या पोराच्या खिशात कशी आली? बेकायदा पिस्तूल कायदेशीर काडतुसावर चालतं, आणि याचं उत्तर कुठल्यातरी रजिस्टरमध्ये आहे. आपण ते रजिस्टर सोडून त्या पोराचा फोटो बघत बसलोय.

गोखले रोडवरच्या कुठल्याही केमिस्टकडे जा आणि क्रोसिनची पट्टी घ्या. पट्टीवर बॅच नंबर आहे, तारीख आहे. औषधात खोट निघाली तर कंपनी त्या बॅचचा माल बाजारातून परत मागवू शकते. डोकेदुखीच्या गोळीची ही पत्रास ठेवतो आपण. दुसऱ्या प्रकारच्या गोळीच्या बुडावर दोन अक्षरं आणि एक आकडा सापडला की पंचनामा पूर्ण!

*

आता रायफलींकडे येतो.

१२ सप्टेंबर १९९२. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल. दाऊद टोळीची माणसं आत घुसली, उपचार घेत असलेल्या गवळी टोळीच्या शैलेश हळदणकरला मारलं, आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीसही मेले. त्या हल्ल्यात एके-४७ वापरली गेली आणि मुंबई हादरली. सुरे, तलवारी आणि रिव्हॉल्व्हर यांचा जमाना संपला होता. 'गँगवाले एकमेकांनाच मारतात, आपल्याला काय' म्हणणाऱ्यांनी त्या दोन पोलिसांच्या घरी जाऊन हे वाक्य म्हणून दाखवायला हवं होतं.

पुढच्या चार महिन्यांत जे घडलं ते त्याहून भयंकर. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या दिघी जेट्टीवर तस्करीचा माल उतरला. त्यात हत्यारं होती. माल घेऊन निघालेली गाडी गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. अडवली! म्हणजे यंत्रणा जागी होती, गस्त होती, नाका होता, सगळं होतं. मग घासाघीस झाली. पुरेशी रोकड जवळ नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या आणि माल सोडून दिला. फेब्रुवारीत शेखाडीला आणखी दोनदा माल उतरला, एके-५६ रायफली, ग्रेनेड, आरडीएक्स. १२ मार्चला मुंबईत १२ स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली.

यातलं काहीही गप्पांतलं नाही. हे कोर्टात सिद्ध झालेलं आहे. टाडा कोर्टाने पोलीस आणि कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं आणि मार्च २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बहुतेकांवरचा ठपका कायम ठेवला.

आता एक साधा प्रश्न. संजय दत्तकडे एके-५६ होती हे कोणाला माहीत नाही? त्याच्यावर सिनेमा निघाला, लेख आले, पानटपरीवर वाद झाले. आणि गोंडघर फाटा? तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव आधी ऐकलं होतं? श्रीवर्धन-दिवेआगरला वीकएंडला जाताना त्या भागातून आपण कितीदा गेलो असू. बंदूक ज्याच्याकडे होती तो देशाला पाठ आहे. बंदूक ज्यांनी आत सोडली ते कोणाच्या लक्षातही नाहीत. आपली गोची इथे आहे.

आणि रायफल काही दूध नव्हे, दोन दिवसांत नासायला. जुलै २०१८ मध्ये आपल्या ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाने गोरेगावातल्या एका घरातून एके-५६ जप्त केली. ती १९९३ च्याच मालातली असावी असा संशय त्या वेळी छापून आला होता. समजा नसलीही, तरी एक गोष्ट खरी: तेल-पाणी केलेली रायफल पंचवीस वर्षं सहज टिकते. नाक्यावर सोडलेली एक गाडी एका पिढीनंतरही गोळ्या झाडू शकते.

*

'अरे, पण ते सगळं पाकिस्तानातून आलेलं. बाहेरच्या शत्रूचं काम.' हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर तोंडपाठ आहे.

ठीक आहे, बाहेरून काहीच न आलेली केस बघू. त्याच २०१८ साली, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बिहारमधल्या मुंगेरला एके-४७ सापडायला लागल्या. शेतातून, घरातून, चक्क विहिरीतून. एकूण वीसच्या वर. माग काढत तपास पोहोचला तो मध्य प्रदेशात, जबलपूरच्या लष्करी शस्त्र डेपोत! वापरातून बाद केलेल्या रायफली आणि त्यांचे सुटे भाग डेपोतून बाहेर काढले जात होते. त्याच डेपोतून निवृत्त झालेला एक आर्मोरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, घरी बसून त्या पुन्हा चालू करत होता, आणि रेल्वेने मुंगेरला पोचवत होता, असा आरोप आहे. प्रकरण पुढे एनआयएकडे गेलं. अशा साठ-सत्तर रायफली गेल्या असाव्यात असा तपास यंत्रणांचा अंदाज होता. सापडल्या वीसच्या वर. बाकीच्या कुठे आहेत? ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहीत.

मला यातली सर्वांत भीतिदायक गोष्ट कोणती वाटते सांगू? 'बाद' हा शिक्का. आमच्याकडे जुना सर्व्हर काढताना आधी डिस्क पुसतात, मग फोडतात, त्याचं सर्टिफिकेट घेतात. जुन्या हार्डडिस्कमधून कोणाचे तरी पगाराचे आकडे फुटतील म्हणून एवढा सोपस्कार. आणि तिकडे बाद झालेली एके-४७ कागदावर मेली आणि मुंगेरात जिवंत झाली.

बरं, आता कागदच खोटा असेल तर? जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात सुमारे २ लाख ७८ हजार शस्त्र परवाने दिले गेले आणि त्यातले कित्येक पैसे घेऊन, भलत्याच राज्यांतल्या लोकांना दिल्याचा संशय आला. राजस्थानच्या एटीएसने हे आधी उकरून काढलं, मग सीबीआयने गुन्हे दाखल करून आयएएस अधिकाऱ्यांच्या घरांवर छापे घातले. परवान्याची ही होलसेल विक्री कुठल्या भट्टीत झाली नाही, एसी ऑफिसात झाली.

आणि ज्यांना अचूक रायफलींचंच कौतुक आहे त्यांच्यासाठी मेरठ. एप्रिल २०१७ च्या शेवटी महसूल गुप्तचर संचालनालयाने दिल्ली विमानतळावर परदेशी बंदुका पकडल्या आणि पाठोपाठ मेरठमधल्या एका घरावर छापा घातला. राष्ट्रीय पातळीवरच्या एका नेमबाजाचं घर. आत परदेशी बंदुका, हजारो काडतुसं, रोकड आणि शंभर किलोच्या वर जंगली जनावराचं मांस. नावाजलेल्या नेमबाजांना बंदुका आयात करायची जी सवलत मिळते, तिचा आडोसा घेऊन ही तस्करी चालल्याचा आरोप झाला. म्हणजे स्वप्नीलला पदक मिळावं म्हणून जो दरवाजा उघडा ठेवलाय, त्यातूनच बाकीचेही शिरले.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, 'मग नेमबाजांची सवलतच बंद करा.' अजिबात नको! २०२० मध्ये सरकारने उलट ही सवलत वाढवली, आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना १२ हत्यारांपर्यंत बाळगायची मुभा दिली. त्यावर माझा काही आक्षेप नाही. सराव करायचा तर काडतुसं लागणारच. पण दरवाजा रुंद केलात तर दारावरची वही पण जाड करा ना! कोणाच्या नावावर किती आलं, किती वापरलं, किती उरलं, याचा हिशेब वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजून घ्या. प्रामाणिक नेमबाजाला त्याचा त्रास होणार नाही. तो स्वतःच्या डायरीत प्रत्येक गोळी लिहून ठेवतो.

परवान्याच्या बंदुकीला आपण उगाच सोवळ्यातली समजतो. फार लांब कशाला, २ फेब्रुवारी २०२४, उल्हासनगर. हिललाइन पोलीस स्टेशनमध्ये, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. कॅमेऱ्यात दिसलं, सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. हत्यार परवान्याचं. त्यानंतर सहाच दिवसांनी बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मारलं गेलं. पिस्तुलाचा परवाना मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर. एका आठवड्यात दोन घटना, आणि दोन्हीकडे उमर्टीचा काही संबंध नाही.

*

'बघा, म्हणून कायदा कडक हवा!'

कडक आहे हो. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा दुरुस्त झाला. परवान्यावरच्या बंदुका तीनच्या दोन झाल्या. शस्त्रांचा बेकायदा व्यापार म्हणजे काय, याची व्याख्या आली आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली. संघटित टोळ्यांसाठी वेगळं कलम आलं. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्यालाही तुरुंग. पण कायद्याची धार कोणावर चालते ते बघा. एक पिस्तूल घेऊन एसटीतून उतरलेला पोऱ्या सापडतो, कारण त्याला पकडायला एक खबऱ्या आणि एक सापळा पुरतो. रजिस्टरमध्ये खोटी नोंद करणारा दुकानदार पकडायला कोणीतरी बसून तीन वर्षांच्या वह्या तपासाव्या लागतात. पहिल्या कामाचा फोटो येतो, दुसऱ्याचा येत नाही. मग यंत्रणा काय करणार? जे मोजलं जातं तेच माणूस करतो. आमच्याकडे 'किती बग बंद केले' यावर अप्रेझल ठेवलं की लोक सोपे बग शोधून बंद करतात. तिकडे 'किती कट्टे जप्त' यावर शाबासकी आहे.

पोलिसांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, नीट वाचा. टेबलावर पिस्तूल आणायला जीव धोक्यात घालावा लागतो, आपण एसीत बसून कीबोर्ड बडवतो. माझी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे. आणि ती मोजपट्टी आपण वाचकांनी त्यांच्या हातात दिली आहे.

जगात कुठे हे जमलंय का? मेक्सिकोकडे पाहिलं तर निराशा येते. तिथल्या टोळ्यांकडे अमेरिकेत बनलेल्या बॅरेट रायफली आहेत, अर्धा इंच व्यासाची गोळी, दीड किलोमीटरच्या पुढे मारा, चिलखती गाडी भेदणाऱ्या. १७ ऑक्टोबर २०१९ ला कुलियाकान शहरात टोळीने असल्या हत्यारांनिशी रस्ते ताब्यात घेतले आणि पकडलेला म्होरक्या सरकारला सोडून द्यावा लागला. या रायफली दुसऱ्याच्या नावावर अमेरिकेतल्या दुकानांतून रीतसर विकत घेऊन सीमेपार नेल्या जातात. मेक्सिकोने २०२१ मध्ये बंदूक कंपन्यांवर अमेरिकेत दावा ठोकला. ५ जून २०२५ ला अमेरिकन सुप्रीम कोर्टाने तो नऊ विरुद्ध शून्य असा फेटाळला, कारण २००५ च्या एका कायद्याने तिथल्या कंपन्यांना कवच दिलंय. बंदूक अचूक, कागद पक्का, विक्री कायदेशीर, आणि मेलेली माणसं दुसऱ्या देशातली. जबाबदार? कोणीच नाही.

पण ब्राझीलचं उदाहरण ऐका. तिथे २००३ च्या कायद्याने पोलीस आणि लष्कराला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर लॉट नंबर कोरणं सक्तीचं केलं. मार्च २०१८ मध्ये रिओ शहरात मारिएल फ्रँको या नगरसेविकेची हत्या झाली. रस्त्यावर पडलेल्या टोप्यांवर लॉट होता 'यूझेडझेड-१८'. काही दिवसांत कळलं, हा माल २००६ साली त्यांच्याच फेडरल पोलिसांना विकलेला होता! एवढ्यावर खुनी सापडला नाही, ते काम वर्षभर चाललं. पण सरकारला 'आमचा काही संबंध नाही' म्हणायची सोय राहिली नाही. मला एवढंच हवंय. काडतूस बोललं पाहिजे.

तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काय आहे? 'केएफ ७.६५' कोरता येतं तर पुढे चार अक्षरं अजून कोरता येतील. लॉट कुठल्या दुकानाला गेला, दुकानाने कोणाच्या परवान्यावर विकला, एवढं एका टेबलमध्ये (डेटाबेसमधल्या, पोलीस स्टेशनमधल्या नव्हे) बसतं. शस्त्र परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेस केंद्र सरकारने केलेलाच आहे, प्रत्येक परवान्याला ओळख क्रमांक आहे. त्याला काडतुसांची नोंद जोडणं हे तुमच्या-माझ्यासारख्या पंधरा जणांच्या टीमचं काही महिन्यांचं काम आहे. आधार आणि यूपीआय करणाऱ्या देशाला हे जमत नाही असं मला कोणी सांगू नये.

*

मग आपण काय करायचं? नुसतं वाचून 'खरंय यार' म्हणायचं?

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, ऑनलाइन होतो. तलावपाळीवर आइसक्रीम खायचे पैसे आणि वेळ याच्या कितीतरी आत. ठाणे पोलीस आयुक्तालयाला कोणाचं नाव, चालू तपासाचा तपशील मागू नका, तो मिळणार नाही आणि मिळूही नये. फक्त आकडे मागा. गेल्या पाच वर्षांत किती बंदुका जप्त झाल्या? त्यातल्या किती प्रकरणांत बनवणारा किंवा पुरवणारा आरोपी झाला? किती काडतुसांचा माग दुकानापर्यंत लागला? किती परवानाधारक दुकानांची तपासणी झाली, किती परवाने रद्द झाले? निकाल लागून गेलेल्या केसमधल्या किती बंदुका नष्ट केल्या? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, जबलपूर आठवा.

उत्तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं येण्याची शक्यता बरीच आहे. येऊ दे. तेही उत्तरच आहे. याचा अर्थ इतकाच की हा प्रश्न आजवर कोणी मोजण्याइतका महत्त्वाचा मानलेला नाही. दहा जणांनी विचारला तर अकराव्याच्या वेळी रकाना तयार होतो. सरकारी कामाचा हा अनुभव नौपाड्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

आणि पेपरात काम करणारे मित्र हे वाचत असतील तर एक विनंती. पुढच्या वेळी ते टेबल मांडलं जाईल तेव्हा फोटो जरूर काढा, पण निघण्याआधी विचारा: साहेब, मागच्या वेळी याच टेबलावर जी पिस्तुलं होती, ती कुठून आली ते कळलं का?

असो. पुढच्या शनिवारी जरा हलकाफुलका विषय घेतो.